नदी जोखणारी होडी

दिल्ली आणि समुद्र या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजधानी समुद्रापासून शेकडो कोस दूर आहे. दिल्लीत वाढलेल्या माणसाला समुद्र भेटतो तो चित्रात, चित्रपटात, नाहीतर मुंबई-पुरीच्या सहलीत. परंतु नकाशा वेगळेच सांगतो. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील एकूण १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यांपैकी ११० क्रमांकाचा जलमार्ग म्हणजे यमुना. दिल्लीतील जगतपूरपासून प्रयागराजच्या संगमापर्यंत त्याची लांबी सुमारे १,०८० किलोमीटर आहे. संगमापासून गंगेचा पहिला राष्ट्रीय जलमार्ग सुरू होतो. १९८६ मध्ये घोषित झालेला हा मार्ग १,६२० किलोमीटर लांबीचा असून तो बंगालमधील हल्दिया बंदरापर्यंत जातो. या दोन आकड्यांची बेरीज २,७०० होते. दररोज तीस किलोमीटर वल्हवणारा माणूस दिल्लीच्या काठावरून निघाला, तर हिशेबाप्रमाणे नव्वद दिवसांत तो समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पोहोचला पाहिजे.

हा हिशेब कागदावर बिनचूक आहे, पाण्यावर मात्र तो पहिल्याच दिवशी चुकतो. त्याचे कारण प्रवाशाच्या दंडातील बळात किंवा होडीच्या बांधणीत नाही. ते नदीत आहे. म्हणूनच एका साध्या वल्ह्याच्या होडीचा विचार केवळ साहसाच्या किंवा खेळाच्या अंगाने करून भागत नाही. जी नदी लहानात लहान होडीला पुढे नेऊ शकत नाही, तिला जलमार्ग म्हणावे काय, आणि त्याही आधी तिला नदी म्हणावे काय, हा खरा प्रश्न आहे.

अशा प्रवासासाठी जगभर वापरली जाणारी होडी म्हणजे कयाक. ती मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातील इन्युइट लोकांची. वाहून आलेली लाकडे किंवा देवमाशाची हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, अशी तिची मूळ रचना होती. शिकारी माणूस एकटाच तिच्यात बसे, पाय पुढे लांब करी आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने उजवीकडे-डावीकडे पाणी मागे सारत जाई. आज कातड्याची जागा फायबर आणि प्लास्टिक यांनी घेतली आहे, पण आकार तोच राहिला आहे. समुद्रावर लांबचा पल्ला गाठणारी कयाक सुमारे पाच मीटर लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. तिला ना शीड असते ना इंजिन. तरंगायला तिला वीतभर पाणी पुरते. वल्हवणाऱ्याचे शरीर पाण्याच्या पातळीला जवळजवळ टेकलेले असते. वल्हे उचलले की त्यावरून ओघळणारे पाणी त्याच्या हातावर आणि मांडीवर पडते.

ही होडी किती दूर जाऊ शकते, याची साक्ष इतिहासात आहे. ऑस्कर श्पेक नावाच्या जर्मन तरुणाचा विजेच्या कामाचा व्यवसाय मंदीच्या काळात बुडाला. बेकार झालेला हा तरुण १९३२ च्या मे महिन्यात उल्म गावाजवळ डॅन्यूब नदीत आपली घडीची कयाक घेऊन उतरला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळवावे, एवढाच त्याचा बेत होता. पण तो पुढे पुढेच जात राहिला. नद्यांमधून भूमध्य समुद्रात, तेथून युफ्रेटिस नदीने इराणच्या आखातात, मग भारताच्या किनाऱ्याकिनाऱ्याने आग्नेय आशियाकडे असा सुमारे पन्नास हजार किलोमीटरचा प्रवास करून सप्टेंबर १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यात आले. नदी आणि समुद्र हे एकाच पाण्याचे दोन भाग आहेत, हे त्याने सात वर्षे वल्हवून सिद्ध केले.

भारतातही अशी उदाहरणे आहेत. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेला कौस्तुभ खाडे हा मराठी तरुण २०१५ मध्ये एकट्याने कयाक वल्हवत मुंबईहून गोव्याला गेला. चारशे किलोमीटरहून अधिक अंतर त्याने आपल्या हातांच्या बळावर कापले. त्यानंतर त्याने द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा पालथा घातला. तो पाण्यावरून जात असताना शांजली शाही ही त्याची सहकारी किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवरून जात होती. २०१९ मध्ये विंग कमांडर परमवीर सिंग यांच्या नेतृत्वाखाली एक पथक रबरी तराफ्यांतून देवप्रयागहून निघाले आणि गंगेच्या प्रवाहाबरोबर अडीच हजार किलोमीटरचे अंतर चौतीस दिवसांत कापून गंगासागरला पोहोचले. म्हणजे लांबच्या जलप्रवासाला लागणारी हिंमत, कौशल्य आणि शिस्त देशात आहे. असे असताना विद्यार्थिदशा दिल्लीत घालवलेल्या तरुणाला वल्हे मारण्यासाठी अरबी समुद्र गाठावा लागतो आणि दिल्लीच्या मधोमध वाहणारी यमुना मात्र प्रवासाविना पडून राहते, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

यमुना नेहमीच अशी नव्हती. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८५ मध्ये आग्र्याहून बंगालकडे निघाला, तेव्हा त्याच्यासोबत एकशे ऐंशी नावांचा तांडा होता. मीठ, अफू, हिंग, शिसे, गालिचे असा माल भरलेल्या त्या नावा यमुनेतून गंगेत आणि गंगेतून बंगालमध्ये गेल्या. शाहजहानने सतराव्या शतकात लाल किल्ला बांधला तो नदीच्या अगदी काठावर. त्या काळी किल्ल्याच्या तटाखालून यमुना वाहत असे. आज तेथे वाहनांचा रस्ता आहे आणि नदी पूर्वेकडे दूर सरकली आहे. १८७४ मध्ये ओखल्यापासून आग्रा कालवा सुरू झाला. त्या कालव्यातूनही १९०४ पर्यंत नावा चालत होत्या. दिल्लीला पाण्यावरून ये-जा करण्याची सवय होती, हे यावरून स्पष्ट होते.

ही सवय दोन कारणांनी मोडली. लोहमार्ग आला आणि माल नावांतून आगगाडीत गेला. हे पहिले कारण स्वाभाविक होते, जगातील अनेक नद्यांच्या बाबतीत तसे घडले. दुसरे कारण अधिक खोल होते. पश्चिम आणि पूर्व यमुना कालव्यांनी नदीचे पाणी डोंगरातून मैदानात उतरताच शेतीकडे वळवले. पूर्वी ताजेवाला येथून आणि आता हथिनीकुंड येथून हे पाणी वळते. त्या पाण्याने हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश यांची शेते हिरवी झाली, धान्याची कोठारे भरली, ही गोष्ट कोणी नाकारू नये. परंतु शेताला पाणी मिळाले तेव्हा नदीच्या वाट्याला काय उरले, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. माल गेला तरी नदी राहते, पण पाणीच गेले तर नदीचे केवळ पात्र राहते.

आजच्या दिल्लीतून कयाक घेऊन निघालेल्या प्रवाशाची कल्पना केली, तर या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत जाते. पल्ला गावाजवळ यमुना दिल्लीत प्रवेश करते. तेथे नदी रुंद आहे, काठावर भाजीपाल्याची शेते आहेत, नावाडी आणि मासेमार आहेत. येथे वल्हे मारणे शक्य आहे आणि सुखदही आहे. मग वजिराबादचा बंधारा येतो. दिल्लीच्या पिण्यासाठी येथे पाणी अडवले जाते. कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याच्या खाली नदीचे स्वतःचे पाणी जवळजवळ जातच नाही. तरीही बंधाऱ्यापुढचे पात्र कोरडे दिसत नाही, कारण लगेचच नजफगढचा नाला त्याला येऊन मिळतो. दिल्लीतील सांडपाण्याचा हा सर्वात मोठा प्रवाह. ज्याला आज सगळे नाला म्हणतात, ती एके काळी अरावलीतून येणारी साहिबी नदी होती. एका नदीचे नावसुद्धा लोक विसरले आणि तिच्याच मार्गाने दुसरीला विटाळले.

वजिराबादपासून ओखल्यापर्यंतचे अंतर अवघे बावीस किलोमीटर आहे. यमुनोत्रीपासून प्रयागपर्यंत यमुनेची लांबी १,३७६ किलोमीटर धरली, तर हा टप्पा दोन टक्क्यांहूनही कमी भरतो. परंतु नदीतील एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा याच टप्प्यात तिच्यात मिसळतो. स्नानायोग्य पाण्याच्या एका लिटरमध्ये किमान पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा निकष आहे. या टप्प्यातील पाण्यात वर्षातील अनेक महिने प्राणवायू शून्यावर येतो. ज्या पाण्यात मासा श्वास घेऊ शकत नाही, त्या पाण्याचे तुषार अंगावर घेत माणसाने दिवसभर वल्हे मारावे कसे? ओखल्याच्या बंधाऱ्यावरून पाणी खाली कोसळते, तेव्हा साबण आणि धुण्याच्या पावडरीतील द्रव्यांमुळे पांढरा फेस उसळतो. छठपूजेच्या दिवसांत त्या फेसात उभे राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे अनेक वर्षे वृत्तपत्रांतून छापून येत राहिली. दुरून तो फेस हिमासारखा दिसतो, जवळून तो एका महानगराच्या न्हाणीघराचा हिशेब असतो.

ओखल्यापुढे नोएडा आणि फरिदाबाद यांच्या मधून नदी पुढे जाते. पुढे गाझियाबादकडून आलेली हिंडन तिला मिळते, तीही सांडपाण्याने काळवंडलेली. मथुरा आणि आग्रा ही यमुनेच्या नावाने ओळखली जाणारी नगरे, पण त्यांच्या घाटांना लागणारे पाणी दिल्लीने वापरून टाकलेले असते. मग इटाव्याच्या पुढे एक सुखद बदल घडतो. चंबळ यमुनेला येऊन मिळते. कोरड्या ऋतूत तर ती यमुनेपेक्षा अधिक पाणी घेऊन येते, आणि तेही असे की ज्यात घडियाल आणि डॉल्फिन राहू शकतात. चंबळ मिळाल्यावर यमुना पुन्हा नदीसारखी वाहू लागते. या एका घटनेत मोठा धडा आहे. नदी मरत नाही, तिला मारले जाते. तिला पुरेसे वाहते पाणी मिळाले, की ती स्वतःला सावरू शकते.

येथे छोट्या होडीचे महत्त्व लक्षात येते. इंजिनावर चालणारे मोठे जहाज नदीविषयी खरे बोलत नाही. त्याला खोली हवी असते, म्हणून गाळ उपसून वाट करून दिली की ते चालते. पाणी स्वच्छ आहे की घाण, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. प्रवासी काचेमागे वातानुकूलित कक्षात बसलेले असतात. कयाक मात्र नदीशी लपवाछपवी करू शकत नाही. पाणी नसेल तर ती गाळात रुतते. पाणी घाण असेल तर वल्हवणारा आजारी पडतो. बंधारा आडवा आला, तर होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावर वाहून न्यावी लागते आणि काठावर पायवाट नसेल तर प्रवास तेथेच संपतो. सोनाराला सोने पारखायला कसोटीचा दगड लागतो. नदी पारखायची असेल, तर छोट्या होडीइतकी चांगली कसोटी दुसरी नाही.

मार्च २०२५ मध्ये दिल्लीत सोनिया विहार ते जगतपूर या टप्प्यात जलपर्यटन सुरू करण्यासाठी सरकारी संस्थांमध्ये करार झाला. हा टप्पा वजिराबादच्या वर आहे, म्हणजे जेथे पाणी अजून बरे आहे तेथे. राजधानीच्या नागरिकांना नदीवर जाण्याची संधी मिळावी, हा विचार स्वागतार्हच आहे. पण स्वच्छ टप्पा निवडून तेथे नौका फिरवणे आणि नदी स्वच्छ करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील एकच खोली झाडून पाहुण्याला तेथे बसवले, म्हणून घर स्वच्छ झाले असे कोणी म्हणत नाही. जलमार्गाची यशस्विता किती मोठी नौका चालली यावरून न ठरवता, वजिराबादपासून ओखल्यापर्यंत एक माणूस साध्या होडीतून निर्धास्तपणे जाऊ शकतो की नाही, यावरून ठरवली पाहिजे.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, होड्या वल्हवणे ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची हौस आहे, सामान्य माणसाला त्याचे काय? हा आक्षेप वरवर पटण्यासारखा असला तरी त्यात तथ्य कमी आहे. कयाक ही मुळात पोटासाठी शिकार करणाऱ्यांची होडी होती. ऑस्कर श्पेक घरातून निघाला तो बेकारीमुळे. यमुनेच्या काठावर आजही जे लोक होडी चालवतात, ते हौशी नव्हेत. यमुना बाजारच्या घाटावरून हिवाळ्यात परदेशातून आलेले कुरव पक्षी दाखवायला नेणारे नावाडी, मासेमार, बुडालेल्यांना बाहेर काढणारे पाणबुडे यांचे पोट नदीवर आहे. नदी होडीला योग्य झाली, तर त्याचा पहिला लाभ त्यांनाच होईल. नदी बिघडली, तर तिच्या पाण्यात रोज हात घालणाऱ्या याच लोकांच्या त्वचेवर आणि फुप्फुसांवर त्याचा पहिला आघात होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिल्लीत दोन कोटींच्या आसपास लोक राहतात. उन्हाळ्यात टँकरपुढे रांगा लागतात. पिण्याला पाणी पुरत नाही तेथे होडीसाठी नदीत पाणी सोडायचे काय? या प्रश्नाचे उत्तर असे की, नदीत सोडलेले पाणी होडीसाठी नसते, ते नदीसाठी असते आणि नदी शेवटी माणसासाठीच असते. वाहत्या पाण्याने काठावरच्या वाळूत पाणी मुरते, विहिरी आणि नलिकाकूप जिवंत राहतात. यमुनेची पूरभूमी ही दिल्लीची जमिनीखालची टाकी आहे. तहान आणि प्रवाह यांना एकमेकांचे शत्रू ठरवण्याचे कारण नाही. दोघांचाही खरा शत्रू गळकी नळयंत्रणा, न शुद्ध केलेले सांडपाणी आणि पाण्याचा बेफिकीर वापर हा आहे.

प्रवाहाचा हा प्रश्न नवा नाही. १९९४ मध्ये यमुना खोऱ्यातील राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नदीत दर सेकंदाला किमान दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर, पाणी वाहते ठेवण्याचा आदेश दिला. पुढे रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने अभ्यास करून कोरड्या ऋतूत हे प्रमाण तेवीस घनमीटर असावे, अशी शिफारस केली. दहा आणि तेवीस या आकड्यांमधील अंतर म्हणजेच केवळ पात्र आणि जिवंत नदी यांमधील अंतर. १९९३ मध्ये जपानच्या आर्थिक साहाय्याने यमुना कृती योजना सुरू झाली, सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प उभे राहिले, मोठा खर्च झाला. तरीही नदी सुधारली नाही. कारण घाण कमी करण्याइतकेच वाहते पाणी वाढवणेही आवश्यक आहे, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ज्या नदीला स्वतःचे पाणीच नाही, तिच्यात अगदी शुद्ध केलेले सांडपाणी सोडले तरी ती सांडपाण्याचीच नदी राहते.

तिसरा आक्षेप धोक्याचा. नदीवर लोकांना नेले तर बुडण्याच्या घटना वाढतील, त्यापेक्षा काठावर कुंपण घातलेले बरे, असे पुष्कळांना वाटते. पण नदीपासून दूर राहणारा समाज सुरक्षित होत नाही, तो केवळ अनभिज्ञ होतो. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. १९७८ मधील २०७.४९ मीटरचा उच्चांक तिने मोडला. ज्या रस्त्यांवर मोटारी धावत होत्या, तेथे बचावपथकांच्या होड्या फिरू लागल्या. आयटीओ येथील बंधाऱ्याच्या बत्तीस दरवाजांपैकी पाच दरवाजे गाळात अडकून बसले होते. ते उघडण्यासाठी लष्कर आणि नौदल यांची मदत घ्यावी लागली. नदीवर रोज जाणाऱ्या माणसांचे डोळे त्या दरवाजांवर असते, तर गाळ किती साचला आहे हे पुराआधीच कळले असते. ज्या नदीवर कोणी जात नाही, तिच्या दुखण्याची खबरही कोणी आणत नाही.

मराठी माणसाला तर याच नदीने एक कटू धडा दिलेला आहे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने दिल्ली घेतली, तेव्हा भरून वाहणारी यमुना मराठे आणि अब्दाली यांच्यामध्ये उभी होती. नदी उतरेपर्यंत शत्रू पलीकडेच राहील, असा भरवसा होता. मराठी फौज उत्तरेला कुंजपुऱ्याकडे गेली असता ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली. या प्रयत्नात त्याची माणसेही वाहून गेली, पण तो पार झाला आणि मराठ्यांचा दिल्लीशी असलेला संबंध तुटला. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. पानिपताच्या पराभवाला अनेक कारणे होती, सारा दोष एका उतारावर ढकलणे योग्य नव्हे. तथापि नदीचे पाणी कोठे खोल आहे, कोठे उथळ आहे, ते केव्हा चढते आणि केव्हा उतरते, याचे ज्ञान ज्याला असते त्याचे पारडे जड होते, एवढे त्या प्रसंगाने दाखवून दिले. आज तलवारीच्या लढाया नाहीत, पण पूर, तहान आणि रोगराई यांच्याशी लढाई आहे आणि तिच्यातही हेच ज्ञान कामी येते.

मग करावे काय? सर्वप्रथम हथिनीकुंडापासून पुढे वर्षभर पुरेसा प्रवाह राहील, असा राज्याराज्यांमधील करार शिफारशीनुसार सुधारला पाहिजे. नजफगढसह सर्व मोठ्या नाल्यांचे पाणी नदीत पडण्यापूर्वी शुद्ध झाले पाहिजे आणि ते झाले की नाही याची आकडेवारी टप्प्याटप्प्याने, लोकांना समजेल अशा भाषेत, घाटावरच फलकावर लिहिली गेली पाहिजे. प्रत्येक बंधाऱ्याच्या बाजूने होडी उचलून नेण्याइतकी पायवाट आणि उतरण्याचा घाट बांधणे हे काही खर्चिक काम नव्हे. काठावरच्या नावाड्यांना प्रशिक्षण, जीवरक्षक जाकिटे आणि मान्यता मिळाली, तर तेच नदीचे पहारेकरी होतील. शाळांनी आणि मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रांनी वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांना नदीकाठी न्यावे. नळाला येणारे पाणी कोठून येते आणि मोरीत जाणारे पाणी कोठे जाते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला पर्यावरणावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

कोकणातला तांडेल भरती-ओहोटीची वेळ पंचांगाशिवाय सांगतो, कारण पाण्याशी त्याचा रोजचा व्यवहार असतो. दिल्लीकराचा यमुनेशी असा व्यवहार उरलेला नाही. पुलावरून मेट्रोने जाताना दोन मिनिटे ती दिसते, तिचा वास आला की नाकाला रुमाल लागतो आणि पूल संपला की ती विस्मरणात जाते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी मराठीत म्हण आहे. नदीचे मूळ शोधले नाही तरी एक वेळ चालेल, पण तिचा मार्ग मात्र प्रत्येकाने शोधला पाहिजे. आपल्या दारावरून गेलेले पाणी पुढे कोणाच्या दारी कोणत्या स्थितीत पोहोचते, हे जाणून घेणे हा नागरिकत्वाचाच एक भाग आहे.

दिल्ली ते समुद्र हा २,७०० किलोमीटरचा मार्ग नकाशावर आखून झालेला आहे. तो पाण्यावर उमटायचा राहिला आहे. ज्या दिवशी एखादी तरुणी पल्ल्याच्या काठावरून आपली छोटी होडी पाण्यात ढकलील, वजिराबाद आणि ओखला ओलांडून, मथुरा-आग्र्याचे घाट मागे टाकून, आजारी न पडता चंबळेच्या संगमापर्यंत पोहोचेल, त्या दिवशी यमुना बरी झाली असे खुशाल म्हणावे. तिच्या प्रवासाची नोंद विक्रमांच्या पुस्तकात झाली नाही तरी हरकत नाही. तिच्या वल्ह्यावरून ओघळणारे पाणी स्वच्छ असेल, तर ते पाणी पिणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या आयुष्यात त्याची नोंद आपोआप होईल.